एल निनोच्या बातमीआधी अरबी समुद्राकडे बघा

समुद्रगाज

एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न फिरू लागतो: यंदा एल निनो आहे का? आहे म्हटलं की दुष्काळ, नाही म्हटलं की सुकाळ. पेरूच्या किनाऱ्यासमोरचं प्रशांत महासागराचं पाणी तापलंय की नाही (तेच एल निनो), यावर इथे बियाण्याचे आणि पीककर्जाचे हिशेब मांडले जातात. आपल्या पावसाचं बरंचसं काम आपल्या दाराशी असलेल्या समुद्रात चालतं आणि त्याबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं, म्हणून हा धागा.

आधी एल निनोला त्याचा मान देऊ. १९७२, २००२, २००९, २०१५ ही सगळी एल निनोची वर्षं आणि सगळीच आपल्याला पोळणारी. २००९ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ७८ टक्के झाला, २०१५ मध्ये ८६ टक्के. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मग १९९७ चं काय करायचं? त्या वर्षीचा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक, आणि भारतात पाऊस मात्र सरासरीहून किंचित जास्तच. उलट २००२ चा एल निनो मध्यम होता, तरी जुलैमध्ये देशाचा पाऊस जवळपास निम्म्यावर आला. १९८८ पासून वापरात असलेलं, डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं मोसमी पावसाच्या अंदाजाचं सोळा घटकांचं प्रारूप त्या वर्षी चुकलं आणि हवामान खात्याने ते बाजूला ठेवलं.

१९९७ च्या कोड्याचा एक मोठा तुकडा १९९९ मध्ये हाती लागला. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हिंद महासागराचीही स्वतःची अशी एक उलथापालथ असते. आज तिला आपण इंडियन ओशन डायपोल किंवा आयओडी म्हणतो. एरवी सुमात्राच्या बाजूचं पाणी उबदार असतं आणि ढगही तिकडेच जमतात. काही वर्षी तिथला आग्नेयेचा वारा जोर धरतो, किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. पाणी गार झालं की त्यावरचे ढग कमी होतात, हवेचा दाब वाढतो, आणि विषुववृत्तावरचा वारा आफ्रिकेकडे वाहू लागतो. तो उबदार पाणी पश्चिमेला लोटतो, त्यामुळे पूर्वेकडचं पाणी आणखी गार होतं. वाऱ्याने समुद्र बदलला, बदललेल्या समुद्राने तोच वारा वाढवला. प्रशांत महासागरात हेच चक्र चालतं हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये ओळखलं होतं. त्याच्याही आधी, १९०४ मध्ये भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख म्हणून आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांना मोसमी पावसाचं भाकीत शोधता शोधता दोन महासागरांवरच्या हवेच्या दाबातला उलटसुलट संबंध सापडला होता. पण खाली समुद्र काय करतोय हे कळायची सोय त्यांच्या काळी नव्हती.

१९९७ मध्ये आयओडी धन अवस्थेत होता, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूला ऊब आणि सुमात्राच्या बाजूला गारवा. अशी अवस्था आपल्या पावसाला साथ देते, म्हणून एल निनोचा फटका तेव्हा जाणवला नाही. पुण्यात जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञ डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी २००४ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलं. विषुववृत्तीय हिंद महासागरावरचे ढग आणि वारे कोणत्या बाजूला झुकलेत हे एल निनोच्या जोडीने पाहिलं, तर फार मोठे दुष्काळ आणि अतिवृष्टीची वर्षं यांचा अर्थ लागतो, असं त्यांनी मांडलं. माझ्या मते एल निनोच्या बातमीत हे दुसरं निम्मं वाक्य दरवर्षी गळून पडतं.

आता आपला अरबी समुद्र. दक्षिण गोलार्धातून येणारा वारा केनियाच्या किनाऱ्याशी विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या डोंगरांना घासून वळतो आणि सोमालियासमोरून आपल्याकडे झेपावतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर याचा जोर सर्वाधिक असतो. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून या वेगवान झोताला फिंडलेटर जेट किंवा सोमाली जेट म्हणतात. हा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी खोल समुद्राकडे सरकवतो, खालचं गार पाणी वर येतं. ऐन जुलैत सोमालियाच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी पाण्याचं तापमान २० अंशांच्याही खाली जातं! जगातले बहुतेक समुद्र उन्हाळ्यात तापत जातात. अरबी समुद्र मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असतो आणि पावसाळ्यात उतरतो.

म्हणजे आपल्यासाठी पाऊस आणणारा वाराच आपल्या समुद्राची ऊब उतरवत असतो. २८ अंशांच्या खाली समुद्रावर उंच ढग सहसा बांधले जात नाहीत, हे गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे पश्चिम अरबी समुद्रावर जूननंतर आभाळ फारसं भरत नाही. बाष्प पूर्वेकडे येतं आणि किनाऱ्यालगत व सह्याद्रीच्या अंगावर मोकळं होतं. सोमालियाकडे पाणी वर येण्याचं प्रमाण एखाद्या वर्षी कमी झालं तर तिथला समुद्र उबदार राहतो, बाष्प वाढतं आणि कोकण-मलबारचा पाऊस वाढण्याकडे कल असतो.

बाकीचं प्रतिसादांत बोलू.

वर्गातला फळा

उत्तम लेख. एक शंका. आम्ही नववीला शिकवतो की उन्हाळ्यात जमीन तापते, तिथे कमी दाब तयार होतो आणि समुद्रावरून वारे येतात. खाऱ्या वाऱ्यांचंच मोठं रूप. यात समुद्राच्या तापमानाला एवढं महत्त्व कुठे येतं? मुलांना काय सांगावं?

समुद्रगाज

सर, प्रश्न फार मोलाचा आहे. हे स्पष्टीकरण एडमंड हॅलीने १६८६ मध्ये दिलं आणि ते तीन शतकं टिकलं. पण साधी नोंद बघा. आपली जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, पाऊस येतो जूनमध्ये, आणि जुलैत जमीन गार झालेली असताना तो सर्वांत जास्त पडतो. दुष्काळी वर्षी तर जमीन एरवीपेक्षा जास्त तापलेली असते. जमिनीची उष्णता हीच मुख्य चालक असती, तर २००२ च्या जुलैत पावसाने विक्रम करायला हवा होता.

गाडगीळ यांचं म्हणणं असं, की विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती ढगांचा जो पट्टा असतो, तो सूर्यामागोमाग उत्तरेला सरकून आपल्या भूभागावर येऊन बसतो, तोच आपला मोसमी पाऊस. जमीन तापण्याचा यात वाटा आहेच. मात्र पट्टा कुठे बसेल, किती काळ टिकेल, आणि समुद्रावरच्या अशाच दुसऱ्या पट्ट्याशी त्याची ओढाताण कशी होईल, हे समुद्राची ऊब ठरवते. मुलांना मे आणि जुलैचं तापमान व पाऊस शेजारी शेजारी मांडायला लावा. प्रश्न त्यांच्याकडूनच येईल.

वैनगंगेकाठी

वाचतेय. पण धाग्यात सगळा अरबी समुद्र. आमच्या भंडारा-गोंदियाचा पाऊस तर बंगालच्या उपसागराकडून येतो!

समुद्रगाज

ताई, अगदी खरं, आणि तो भाग मला फार आवडतो. दोन्ही समुद्र एकाच अक्षांशावर, दोघांवर ऊन सारखंच, तरी स्वभाव वेगळे. गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी एवढं गोडं पाणी उपसागरात ओततात आणि वरून पाऊस पडतो तो वेगळाच. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वरच्या वर पसरून राहतं. वारा ते खालच्या खाऱ्या, गार पाण्यात सहज ढवळू शकत नाही. मग वरचा पातळ थर लवकर तापतो आणि पावसाळाभर २८ अंशांच्या वर राहतो. त्यामुळे तिथे एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि ओडिशा-छत्तीसगडवरून विदर्भाकडे, मध्य प्रदेशाकडे सरकतात. पाऊस पडला, नद्या भरल्या, त्यांनी गोडं पाणी समुद्रात नेलं, त्यामुळे समुद्र उबदार राहिला आणि पुन्हा पाऊस झाला. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, पाणी खारट आणि जड, वर सोमाली जेटचं घुसळणं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा हिशेब मांडून हा फरक दाखवला.

ही संस्था मुळात १९६६ मध्ये स्थापन झाली ती आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेमुळे. ही संस्था जिथे आहे त्या दोना पावलाला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की आपल्या पावसाबद्दलचं एवढं ज्ञान त्या टेकडीवर जमा झालंय!

मस्कतकर

इथे ओमानमध्ये राहून या धाग्यावर लिहिलं नाही तर चैन पडणार नाही. तुम्ही म्हणता ते गार पाणी आम्ही सुट्टीत बघायला जातो! जून ते सप्टेंबर मस्कतमध्ये बाहेर उभं राहवत नाही आणि त्याच वेळी दक्षिणेला सलालामध्ये 'खरीफ' चालू असतो. डोंगर हिरवेगार, दिवसभर धुकं आणि झिमझिम. आखातातल्या साऱ्या देशांतले लोक गाड्या घेऊन तिथे येतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, आंबोलीलाच आलोय.

कारण तुमच्या लेखात आहेच. मोसमी वारा धोफारच्या, म्हणजे सलालाच्या भागातल्या, किनाऱ्याला समांतर वाहतो, पाणी बाहेर ढकलतो, खालचं गार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा गारठून तिचं धुकं होतं. वर रुब अल खालीच्या वाळवंटाकडची तापलेली कोरडी हवा भांड्यावर झाकण ठेवल्यासारखी बसलेली असते, त्यामुळे ढगांना उंच वाढता येत नाही. मोठा पाऊस होतच नाही. तिथली झाडं पानांवर धुकं टिपून जगतात. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर गेलात की लगेच वाळवंट.

तोच वारा पुढे महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस देतो.

समुद्रगाज

मस्कतकर, हा प्रतिसाद मूळ लेखातच असायला हवा होता. आणि आंबोलीच्या पलीकडेही तेच होतं की. घाटमाथा उतरून थोडं पूर्वेला आलं की पाऊस झपाट्याने कमी. पुण्याला वर्षाचे जेमतेम सातशे मिलिमीटर, माण-खटावला त्याहूनही कमी.

खाडीकाठ

आमचं घर दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या पंचक्रोशीतल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळीची बाग उभी राहायला किती वर्षं जातात हे बागायतदारालाच माहीत. त्याआधी २००९ च्या नोव्हेंबरात फयान, २०१९ च्या दिवाळीत क्यार, नंतर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. आमचे आजोबा सांगायचे की वादळं पूर्व किनाऱ्याला, आपल्याला नुसतं उधाण. हे बदललंय की आम्हालाच तसं वाटतंय?

दुसरं असं, की पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये समुद्रात गेलं की पाणी खाली गार लागतं. जुने तांडेल (होडीचे नाखवे) म्हणतात, त्या दिवसांत कधी कधी मासे किनाऱ्याकडे पळून येतात. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

समुद्रगाज

बदललंय, आणि आकड्यांत दिसतंय. पुण्याच्या आयआयटीएममधल्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. चक्रीवादळाला उबदार पाणी लागतं, नुसतं वरवरचं नव्हे, खोलवर ऊब असलेलं. शिवाय खालच्या आणि वरच्या हवेतल्या वाऱ्यांत फार तफावत असून चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खाली नैर्ऋत्येचा वारा, वर पूर्वेचा वेगवान वारा, त्यामुळे तेव्हा वादळ उभं राहत नाही. म्हणून आपल्याकडे ती मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. एकेकाळी अरबी समुद्र तुलनेने गार असल्याने अनेक वादळं वाढायच्या आधीच मावळत. समुद्र तापत गेला तसा तो आसरा कमी होत चाललाय.

वादळ समुद्रालाही बदलून जातं. जिथून जातं तिथलं पाणी घुसळून गार करतं आणि आजूबाजूचं बाष्प स्वतःकडे ओढून घेतं. २०२३ चं बिपरजॉय आठवा. ६ जूनला तयार झालं, १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला, पण मुंबईत पोचला २५ जूनला, दिल्लीच्या बरोबरीने.

तांडेलांचं निरीक्षण अचूक आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालाही खालचं पाणी वर चढतं, सोमालियाइतकं जोरात नाही, पण चढतं. त्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असल्याने हवेतला प्राणवायू खाली उतरत नाही, आणि तळाचे मासे उथळ पाण्याकडे सरकतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये याबद्दल लिहिलं होतं. यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचं पाणी चढण्या-उतरण्यामागे इथल्या वाऱ्याइतकाच दूरच्या वाऱ्याचाही हात असतो. बंगालच्या उपसागरात वाऱ्याने उठवलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रचंड लांबीच्या लाटा पूर्व किनाऱ्याने खाली येतात, श्रीलंकेला वळसा घालतात आणि केरळ-कर्नाटक करत वर सरकतात.

ढगवाचक

मग समुद्र तापतोय ही आपल्यासाठी चांगलीच गोष्ट नाही का? जास्त ऊब, जास्त बाष्प, जास्त पाऊस.

समुद्रगाज

वरवर तसं दिसतं. पश्चिम हिंद महासागर १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला, हे आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी मांडलं, की समुद्र जमिनीपेक्षा वेगाने तापल्याने दोहोंतली तफावत घटते आणि मध्य भारताचा एकूण पाऊस कमी होण्याकडे झुकतो. आणि २०१७ मध्ये तिसरी गोष्ट: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या पट्ट्यावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, कारण अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आता स्थिर नाही, ते झटक्यांनी येतं. तेव्हा जास्त बाष्प म्हणजे जास्त दिवस पाऊस असा हिशेब बांधता येत नाही. आठवड्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो, माती वाहून जाते, आणि पुढे तीन आठवडे कोरडे.

मांजराकाठ

मी लातूर जिल्ह्यातला, कोरडवाहू शेतकरी. सगळं वाचलं, आवडलं. पण आमच्याकडं ना अरबी समुद्राचा पाऊस पुरता पोचतो ना उपसागराचा. आम्हाला मारतो तो खंड. २०२३ ला जुलै बरा गेला अन् ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलात असताना एक थेंब नाही. २०२५ ला तर मे महिन्यातच पाऊस आला, लोकांनी घाई केली, मग जूनमध्ये आभाळ कोरडं. दुबार पेरणीचा खर्च कोण देतं? समुद्राच्या या अभ्यासातून आमच्या हाती काय येतं ते सांगा.

समुद्रगाज

दादा, हा धागा खरं तर तुमच्या प्रश्नासाठीच काढायला हवा होता.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. एल निनो होता, आणि आयओडीने साथ दिली ती उशिरा. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, तोवर फुलं गळून गेली होती. हंगामाची बेरीज ९४ टक्के. बेरजेकडे बघून तुमचं सोयाबीन कळत नाही.

खंडातही समुद्र-वाऱ्याची देवाणघेवाण असते. ढगांचे पट्टे विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकत येतात, साधारण महिना-दीड महिन्याच्या चालीने. पट्ट्याच्या पुढे आभाळ निरभ्र असतं, तिथे ऊन लागून समुद्र तापतो आणि पट्ट्याला पुढे यायला जागा तयार होते. पट्ट्याखाली ढगांची सावली आणि जोराचा वारा, त्यामुळे पाणी गार होतं आणि तिथला पाऊस मंदावतो. तुमच्याकडे खंड पडलेला असतो तेव्हा उपसागर पुढच्या पावसासाठी तापत असतो. मराठवाडा सह्याद्रीच्या सावलीत असल्याने पट्टा थोडा जरी बाजूला राहिला तरी तुम्हाला तो चुकतो. विदर्भात कमी दाब येऊनही पाऊस तुमच्यापर्यंत पोचेल याची खात्री नसते.

२०२५ च्या मे महिन्यात पूर्व-मध्य अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन २४ मेला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. त्याने मोसमी वाऱ्यांना ओढून घेतलं आणि २६ मेला मुंबईत पाऊस जाहीर झाला, तिथली नेहमीची तारीख ११ जून. पण मागून पुरवठा करणारा प्रवाह अजून पुरता बांधला गेला नव्हता, त्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत पुढची चाल थांबली. लवकर आलेला पाऊस टिकेल का, हे मागचा प्रवाह किती भक्कम आहे यावर असतं.

हाती काय येतं? एप्रिलमधला हंगामाचा अंदाज देशाचा असतो, तुमच्या तालुक्याचा नव्हे. त्यावर पेरणीची तारीख ठरवू नका. या ढगांच्या पट्ट्यांची चाल मात्र दोन आठवडे आधी बऱ्यापैकी सांगता येते. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं. त्यातले पहिले दोन आठवडे विश्वासाने बघा, पुढचे दोन नुसता कल म्हणून. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली उतरल्याशिवाय हात घालू नये असं कृषी विभाग सांगतो. लवकर आलेल्या पावसाच्या वर्षी तो नियम जास्तच कडक पाळावा.

मांजराकाठ

गुरुवारचं माहीत नव्हतं. आमच्या गटात अंदाज येतात ते कुणी कुठून उचलून टाकलेले, तारीखही नसते. आता मूळ पत्रकच गटावर टाकत जाईन. अजून एक सांगा. पावसाळ्याच्या मधे, जुलैअखेर, आयओडी धन होतोय असं कळलं तर त्यावर तुरीचं काही ठरवता येईल का? आम्ही सोयाबीनमध्ये तूर घेतोच, प्रश्न तुरीच्या किती ओळी ठेवायच्या याचा असतो.

समुद्रगाज

ओळी तर पेरतानाच ठरलेल्या असतात, आणि आयओडी जोर धरतो तो सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे पेरणीसाठी त्याचा उपयोग नाही, तूर नेहमीच्या प्रमाणातच ठेवा. जुलैअखेर धन होत असेल तर सप्टेंबरच्या पावसाची आशा थोडी वाढते, आणि लांब मुदतीच्या तुरीला तोच पाऊस कामाचा. तेव्हा ऑगस्टच्या खंडात सोयाबीन हातचं गेलं तरी तूर मोडू नका. तिला दोन कोळपण्या द्या, ओल धरून ठेवा. मात्र एकट्या आयओडीच्या भरवशावर खर्च वाढवू नका. तो खुणेपुरता घ्या आणि गुरुवारच्या पत्रकाशी ताडून बघा. तुमच्या गटात पत्रक टाकायला लागलात की इथे सांगा, पहिल्या एक-दोन पत्रकांतले नकाशे कसे वाचायचे ते मी याच धाग्यावर लिहितो.